सॉल्व्हंट-फ्री खोली

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा. सकाळी ६
नवी वही, नवं वर्ष. पहिल्या पानावर सगळं नीट मांडून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःशीच वाद नको.

मी बिभीषण. मूळचा केम गावचा, शाळा तिथलीच, झेडपीची. नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांच्या मधोमध असलेल्या एका खासगी फूड लॅबमध्ये. काम: पीठ, डाळ, चटणी यांतलं फॅट मोजणं. त्यासाठी सॅम्पलवर दिवसभर हेक्झेन ठिबकत ठेवावं लागतं. हेक्झेन हा सॉल्व्हंट, पेट्रोलचा चुलतभाऊ. तो फॅट विरघळवून खाली आणतो. या काचेच्या मांडणीला सॉक्सलेट म्हणतात. तिची खोली मागच्या बाजूला, पश्चिमेची भिंत, वर पत्रा. ठिणगी नको म्हणून पंखासुद्धा नाही. काल बाहेर एकोणचाळीस होतं. आत किती, ते थर्मामीटर बघून मन कष्टी करायचं नाही असं ठरवलं आहे.

आता बातमी. लॅबमध्ये सॉल्व्हंटशिवाय तपासणी करण्याचं नवं साधन आलं आहे. मोठे साहेब म्हणाले, जो ही पद्धत बसवेल आणि लॅबची मान्यता तपासायला येणाऱ्या अॅसेसरसमोर दाखवेल, तो नव्या सेक्शनचा इनचार्ज. सेक्शन इन्स्ट्रुमेंट रूममध्ये असेल.

इन्स्ट्रुमेंट रूमला एसी आहे. हा योगायोग.

संकल्प: (१) पद्धत मी बसवणार. (२) कुणावर चिडणार नाही. (३) रोज पहाटे चालणार. (४) एसीचा विचार मनात आणणार नाही.

रात्री. आज चालायला गेलो नाही. सणाचा दिवस.

३१ मार्च, सोमवार. स्वामींचा प्रकट दिन
याहून चांगला मुहूर्त नाही. इन्स्ट्रुमेंट रूममध्ये पहिला दिवस. चोवीस डिग्री. मी लक्ष दिलं नाही. मशीनवर आकडा लिहिलेला असतो, म्हणून दिसला.

पद्धत फार सात्त्विक आहे. बाटलीत चमचाभर शेंगा चटणी घ्यायची, झाकण लावायचं, बाटली कोमट करायची. झाकणातून एक सुई आत सोडायची. सुईच्या पोटात केसाएवढा धागा असतो, तो बाहेर काढून चटणीच्या वर हवेत धरायचा. चटणीला शिवायचं नाही. चटणीचा वास आपणहून धाग्यावर येऊन बसतो. मग तो धागा जीसी मशीनमध्ये घालायचा, आणि वासातल्या एकेका पदार्थाचा उंचवटा आपापल्या ठरलेल्या मिनिटाला पडद्यावर येतो. इंग्रजीत पीक. मी शिखर म्हणणार.

कुठे उकळणं नाही, ठिबकणं नाही, हेक्झेन नाही. नुसतं जवळ जाऊन बसायचं आणि घ्यायचं. सत्संग वेगळा काय असतो?

चटणी खवट होऊ लागली की एक ठरावीक शिखर वाढतं. ते मोजलं की चटणी किती दिवस टिकेल ते कळतं. चटणी महेश्वरीबाईंची. होटगी रोडला त्यांचा छोटा कारखाना आहे. बाई बोलायला तिखट, चटणीपेक्षा थोड्या जास्त.

दिपाली मॅडम आमच्या क्वालिटी मॅनेजर, वयाने माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी तीनदा बजावलं, सर, धागा फार नाजूक आहे, सांभाळून. मी म्हटलं, मॅडम, आमचं सगळं आयुष्य काचेत गेलं.

यंत्राची पूजा करायची होती, पण खोलीत हायड्रोजनचं सिलिंडर आहे. काडी पेटवायला सक्त मनाई, आणि नियम म्हणजे नियम. म्हणून उदबत्ती नाही, निरांजन नाही. मशीनच्या डोक्यावर छोट्या पितळी वाटीत कापराची एक वडी ठेवली, न पेटवता. भाव महत्त्वाचा. गुरुलिंग आमचा अटेंडंट, अक्कलकोट तालुक्यातला. त्याने हात जोडले.

१ एप्रिल, मंगळवार
धागा मोडला. मुळात कमकुवत असावा. डब्यात अजून दोन आहेत. मॅडमनी डबा उचलून आपल्या कपाटात ठेवला.

विशेष: कालची कापराची वडी वाटीत नाही. गुरुलिंगला विचारलं. तो म्हणाला, म्या कशाला घिऊ साहेब, देवाचं हाय की ते. कापूर उघड्यावर हळूहळू उडून जातो हे मला ठाऊक आहे. शेवटी मी केमिस्ट्रीचा माणूस. पण एका दिवसात? खाली मशीनची भट्टी गरम असते, हेही खरं. तरी मी असं धरतो की स्वीकार झाला.

नवी वडी ठेवली.

३ एप्रिल, गुरुवार
गुरुवार म्हणून पाच वड्या.

आजचा दिवस सोन्याचा. खवटपणाचं शिखर अगदी ठेंगणं, म्हणजे चटणी ताजी. पण त्याच्या बऱ्याच मागून, सगळं शांत झाल्यावर, एक उंच, सडपातळ, देखणं शिखर वर आलं. देवळाच्या शिखरासारखं. कुठल्याही पुस्तकात शेंगा चटणीच्या बाबतीत याचा उल्लेख नाही. मी दोन पुस्तकं पाहिली. एकाला अनुक्रमणिका नव्हती.

हे काय असावं? लसूण नाही, जिरं नाही, तिखट नाही. हे त्या सगळ्यांच्या पलीकडचं काहीतरी आहे.

दुपारी जेवलो नाही. भूकच लागली नाही. घरी जाताना सायकलवरच्या एका टॉवेल कामगाराला उगाचच नमस्कार केला. त्यानेही केला.

४ एप्रिल, शुक्रवार
एक वडी. शिखर आलं, पण कालच्यापेक्षा बुटकं. संध्याकाळच्या सॅम्पलला तर जेमतेम.

विचार केला. चटणी सकाळी प्रसन्न असते, संध्याकाळी दमते. माणसाचंही तसंच आहे. आणि गुरुवारी ती विशेष प्रसन्न असते. महेश्वरीबाईंना फोन करून विचारलं, गुरुवारी कुटताना काही वेगळं करता का. त्या म्हणाल्या, गुरुवारी लाइट नसते सर, त्यामुळं बायका शिव्या जास्त देतात.

मी शिव्यांचं धरलं नाही. श्रम धरले.

दिपाली मॅडमनी विचारलं, सर, ब्लँक चालवलात का. ब्लँक म्हणजे रिकामी बाटली अगदी त्याच पद्धतीने तपासायची. मी म्हटलं, सोमवारी करतो.

७ एप्रिल, सोमवार
ब्लँक राहिला. सॅम्पल जास्त होती.

वैजयंती, माझी बायको, मोहोळची. मी काल रात्री जवळ बसलो तर म्हणाली, अवो, तुमच्या अंगाला पेट्रोलसंगं आता देवळाचा बी वास यायलाय. माझं नाक हेक्झेनने कधीच गेलेलं आहे, त्यामुळे मला कळत नाही. पण तिला कळलं याचा आनंद झाला. साधनेचा परिणाम घरच्यांना आधी दिसतो.

१० एप्रिल, गुरुवार
अकरा वड्या. शिखर पडद्याबाहेर गेलं. टोक दिसायला स्केल बदलावी लागली.

आता शंका उरली नाही. हा सोलापुरी शेंगा चटणीचा आत्मा आहे. जगात कुठे नाही. शिखराला नाव दिलं: बि-१. पहिलं अक्षर माझ्या नावाचं आहे हे सोयीसाठी, अहंकारासाठी नाही. पुढे आणखी शिखरं सापडली तर बि-२ वगैरे देता येतील.

मॅडम म्हणाल्या, आपल्या मशीनला नावं ओळखता येत नाहीत, पुण्याला पाठवून बघू या का. मी नको म्हटलं. आत्म्याला पुण्याला कशाला पाठवायचं.

महेश्वरीबाईंना फोनवर सांगितलं, तुमच्या चटणीत असं काही सापडलंय की जे कुठंच नाही. त्यांनी विचारलं, चांगलं की वाईट, ते सांगा आधी. मी म्हटलं, अद्वितीय. त्या म्हणाल्या, म्हणजे चांगलंच की, पाकिटावर छापू का. मी म्हटलं, जरा धीर धरा, चोवीस तारखेला अॅसेसर येऊन जाऊ द्या.

त्यांनी पाकिटावर छापलं नाही. व्हॉट्सअॅप स्टेटसला ठेवलं. आमच्या चटणीचा आत्मा सापडला, लॅबमधी, शंभर टक्के. खाली लाल मिरचीची तीन चित्रं.

१२ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती
माझा चहाचा कप, डबा ठेवायची पिशवी आणि पाठ टेकायची उशी सॉक्सलेटच्या खोलीतून इन्स्ट्रुमेंट रूममध्ये हलवली. इनचार्ज होण्याआधी सवय असलेली बरी.

एक अडचण: दुपारनंतर तिथे थंडी वाजते. नवी पेठेत जाऊन अर्ध्या बाह्यांचा स्वेटर मागितला. दुकानदार टेबलफॅनसमोर बनियनवर बसला होता. म्हणाला, काका, उन्हात बसलाव काय लई वेळ. मग माळ्यावरून गाठोडं काढलं. करडा रंग. वैजयंतीने पाहिला आणि कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

एसीचा विचार मनात आणायचा नाही हा संकल्प अजून टिकून आहे. स्वेटर हा थंडीचा विचार आहे.

१५ एप्रिल, मंगळवार
मॅडमनी ब्लँकचं पुन्हा विचारलं. या वेळी आवाज जरा वर होता. सर, रिकामी बाटली चालवल्याशिवाय काही सिद्ध होत नाही.

मी शांतपणे सांगितलं, मॅडम, रिकाम्या बाटलीत काय असणार? रिकामेपण. ते मोजायला मशीन कशाला, मांडी घालून बसावं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. विचारात पडल्या असाव्यात.

खरं कारण इथे लिहितो: धाग्याचं आयुष्य मोजकं असतं. ते रिकाम्या बाटलीवर घालवणं मला पटत नाही. पहिला धागा गेल्यापासून मी काटकसरीचा झालो आहे.

१७ एप्रिल, गुरुवार
एकवीस वड्या. वाटी भरून सांडायला लागली, म्हणून मोठी वाटी आणली.

आता बि-१ सगळीकडे दिसतो आहे. ज्वारीच्या पिठात आहे. तूरडाळीत आहे. कडक भाकरीच्या चुऱ्यात आहे. म्हणजे हा गुण चटणीचा नाही, आपल्या मातीचा आहे. मी लहान मनाने बघत होतो, देवाने नजर मोठी केली.

दुपारी एक बिस्किटाचं सॅम्पल चालवलं. त्यातही आला. बिस्किट परराज्यातलं. थोडा वेळ गोंधळलो. मग पाकिटावरची नोंद पाहिली: सॅम्पल आपल्याकडे येऊन आठवडा झाला होता. सोलापूरचं पाणी लागलं.

इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. हे वाक्य वैजयंतीपासून जपलं पाहिजे.

२१ एप्रिल, सोमवार
बाहेर त्रेचाळीस. आत चोवीस. स्वेटर घालून अॅसेसरसमोर करायचं भाषण लिहिलं. सुरुवात: आदरणीय परीक्षक, सॉल्व्हंट हा अहंकारासारखा आहे. मॅडम म्हणाल्या, सर, ते फक्त डेमो बघणार आहेत. मी ती ओळ ठेवली, मॅडमचं मन राखायला पुढची दोन पानं काढली.

सॉक्सलेटची खोली आता बंदच करावी असं मोठ्या साहेबांना सुचवलं. ते म्हणाले, मग फॅट कशानं काढणार, नवीन पद्धत फक्त वासाची आहे. मी म्हटलं, साहेब, बघू. फॅटही एक दिवस आपणहून येईल.

पहाटे चालणं: अजून सुरू व्हायचं आहे.

२४ एप्रिल, गुरुवार. सकाळी ५
आज. एक्कावन्न वड्या मोजून घेतल्या. नवा शर्ट. मन इतकं हलकं की दाढी करताना ओव्या म्हणत होतो. वैजयंती म्हणाली, हळू, शेजारी निजल्यात अजून.

आजपासून माझं बसणं, उठणं, जेवणं सगळं चोवीस डिग्रीत. नको तो विचार. पुसून टाकला.

रात्री
अॅसेसर एक बाई होत्या, लातूरकडच्या. केस पिकलेले, चष्मा दोरीला. खोलीत आल्या आणि दारातच थांबल्या. नाक वर करून म्हणाल्या, काय हो, इथं पूजा असते का. मी म्हटलं, रोज, पण काडी कधीच पेटवलेली नाही. नियम पाळलेला आहे.

चटणी चालवली. बि-१ आला, उंच, देखणा. मी माहिती दिली. त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं. मग म्हणाल्या, ब्लँक दाखवा.

नवीन बाटली धुऊन, वाळवून, रिकामी लावली. आम्ही सगळे उभे. मोठे साहेब, दिपाली मॅडम, गुरुलिंग. महेश्वरीबाईही आल्या होत्या, पेढे घेऊन.

रिकाम्या बाटलीत बि-१ आला. आजवरचा सगळ्यात उंच.

मीच पुढे झालो. म्हणालो, बघा, शून्यातही तो आहे. महेश्वरीबाईंनी पेढ्याचा पुडा हळूच पिशवीत परत ठेवला.

अॅसेसर बाईंनी मशीनवरची वाटी खाली घेतली आणि विचारलं, हे काय. गुरुलिंग म्हणाला, आत्मा हाय बाई त्यो, साहेबांनी बसिवलाय. बाईंनी एक वडी बाटलीत टाकली, धागा वर धरला आणि मशीनला लावला. आत्मा जिथल्या तिथे, अगदी त्याच मिनिटाला उगवला.

कापूर.

२५ एप्रिल, शुक्रवार
शांतपणे विचार केल्यावर: मी चूक केली असं म्हणता येणार नाही. खोलीच्या हवेतला कापूर धाग्याने इतका अचूक पकडला, याचा अर्थ पद्धत उत्तम बसली आहे. पद्धत बसवायची एवढंच ठरलं होतं.

महेश्वरीबाईंचा फोन. स्टेटस काढलंय सर, म्हणाल्या, पण एका गिऱ्हाइकानं विचारलंय, चटणी खाऊन आरती म्हणायची का. मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, जाऊ द्या, खवट नाही ना, मग बास झालं. तुमच्या आत्म्यापायी तीन दिवस झोपले न्हाय मी. चटणी खवट नाही, हे मी खात्रीने सांगितलं. खवटपणाच्या शिखराला कापूर शिवला नव्हता.

वैजयंतीला सगळं सांगितलं. बराच वेळ ती पदर तोंडाला लावून बसली होती. मला वाटलं रडते आहे.

२६ एप्रिल, शनिवार
देव पाठीशी आहे. दिपाली मॅडम मोठ्या साहेबांशी बोलल्या. म्हणाल्या, सरांनी सॅम्पल हाताळायचं काम चांगलं केलंय, एक संधी द्या. अॅसेसर बाईंनीही मुदत दिली आहे. अट एकच: सोमवारी मी स्वतः ब्लँक चालवायचा आणि तो स्वच्छ आला पाहिजे. आला तर इनचार्ज मीच.

गुरुलिंग आणि मी दिवसभर खोली पुसली. वाटी घरी नेली. रात्रभर खिडक्या उघड्या. देवाला सांगितलं, आता आपण आतून भेटू.

मॅडमच्या स्वभावात माझ्या सहवासाने फरक पडला आहे.

२८ एप्रिल, सोमवार
ब्लँक चालवला. कापराचा मागमूस नाही. मी डोळे मिटून हात जोडले. उघडले तर अगदी सुरुवातीला, सगळ्यांच्या आधी, बि-१ च्या उंचीपुढे आजवर नजरेत न भरलेलं एक शिखर. रुंद, बसकं, म्हशीसारखं.

मॅडम म्हणाल्या, सर, हे हेक्झेन आहे. मी म्हटलं, या खोलीत हेक्झेन येतंच कुठून? त्या खाली बघत म्हणाल्या, सर, तुम्ही जरा बाहेर जाता का.

मी बाहेर गेलो. त्यांनी चालवलं. स्वच्छ. कोरी रेघ. मी आत आलो. म्हैस.

घरी जाऊन दोनदा साबण लावून आंघोळ केली, धुतलेले कपडे, डोक्याला शिकेकाई. परत आलो. मी खोलीत जाण्याआधी मॅडमनी दारातच धागा माझ्या शर्टाच्या बाहीजवळ धरला. आली. श्वासासमोर धरला. आली. गुरुलिंग म्हणाला, साहेब तुमी आतून बी भरलाव की.

मी विचारलं, किती दिवसांत जाईल. मॅडम म्हणाल्या, सॉक्सलेटचं काम बंद केलं तर जाईल. आणि ते काम दुसऱ्या कुणाला येत नाही.

मोठ्या साहेबांनी मॅडमना इनचार्ज केलं. मी टाळ्या वाजवल्या. दारातून.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया
इन्स्ट्रुमेंट रूम आता पूर्ण सॉल्व्हंट-फ्री आहे. दारावर तशी पाटी लावली आहे. खाली बारीक अक्षरात सूचना: सॉक्सलेट विभागातील कर्मचाऱ्यांनी सॅम्पल बाहेरच्या टेबलावर ठेवून दार वाजवावे. त्या विभागात कर्मचारी मी एकटाच. नाव न लिहिण्याचा मोठेपणा त्यांनी दाखवला.

फॅटची सॅम्पल साठून राहिली होती. सकाळपासून सगळे सॉक्सलेट लावले आहेत. बाहेर चव्वेचाळीस. सॅम्पल ठेवायला गेलो तेव्हा लक्षात आलं, त्या दाराच्या खाली बोटभर फट आहे. तिथून गार हवा येते. पायांच्या बोटांना लागते. सुखी व्हायला माणसाला फार काही लागत नाही. एक स्टूल नेऊन दाराला लागून ठेवलं, चपला काढल्या आणि वीस मिनिटं डोळे मिटून बसलो. ध्यान इतकं चांगलं कधी लागलं नव्हतं. संकल्प: रोज दुपारी इथेच बसायचं.

सायंकाळ
चार वाजता गुरुलिंग आला आणि फटीला रबराची पट्टी ठोकायला लागला. म्हणाला, पाय उचला साहेब. मॅडम म्हणत्यात, खालनं वास आत यायलाय.